जप्त झालं म्हणजे बुडालं नाही

(हिरकणीवाडी इथल्या ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)

मागे दारात उभ्या आहात त्याही आत या, जागा आहे.

दर महिन्याला आपण बचत, परतफेड आणि वह्या यांवर बोलतो. आज प्रवासातल्या रोख पैशांवर बोलायचंय. पिशवीत, डब्यात, कमरेला लावून आपण जे पैसे एका गावाहून दुसऱ्या गावाला नेतो, ते वाटेत पोलिसांनी किंवा निवडणुकीच्या पथकानं धरले तर पुढे काय होतं? परत मिळतात का? कोण देतं? आणि कोणत्या वेळी ते कायमचे सरकारजमा होतात?

तुमच्यातली एखादी म्हणेल, "आमच्याकडे कुठे एवढे पैसे, आमची कोण झडती घेतंय?" जरा हिशोब करून बघा. गटाचं बँक कर्ज मंजूर झालं की दोघीजणी महाडला जातात, लाख-दीड लाख काढतात आणि मिनीडोरमधून नाहीतर एसटीनं वर येतात. गडाच्या पायथ्याशी ज्यांचे पिठलं-भाकरीचे, ताकाचे, सरबताचे स्टॉल आहेत, त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवसांत आणि ६ जूनच्या सोहळ्याला चांगला गल्ला जमतो. घर बांधायला काढलं की मुंबईचा भाऊ नाहीतर दीर रोख रक्कम घेऊन गाडीत बसतो. लग्नसराईत तर विचारूच नका. आपला सगळा व्यवहार रोखीचा. म्हणजे पैसे घेऊन रस्त्यानं जाणारी माणसं आपणच आहोत.

आता निवडणुकीचं बघा. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. आपल्या रायगड मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झालं आणि निकाल ४ जूनला लागला. म्हणजे उन्हाळी सुट्टी, लग्नं, गडावरची गर्दी, सगळं आचारसंहितेतच गेलं. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, २० नोव्हेंबरला मतदान झालं. एका वर्षात जवळजवळ चार महिने रस्त्यावर तपासणी. गाडी थांबवणारी पथकं दोन प्रकारची असतात. एक भरारी पथक, ते फिरतं असतं. दुसरं स्थिर सर्वेक्षण पथक, ते नाका धरून एका जागी बसतं. त्यात पोलीस असतात, दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेला अधिकारी असतो आणि कॅमेरा असतो.

ही तपासणी उगाच नाही, हेही सांगते. मतं विकत घ्यायला जो पैसा गाड्यांतून फिरतो तो अडवायलाच ती आहे. २१ ऑक्टोबर २०२४ ला पुणे-सातारा रस्त्यावर खेड-शिवापूर टोलनाक्याजवळ पुणे ग्रामीण पोलिसांनी एका गाडीत पाच कोटी रुपये रोख पकडले. त्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत राज्यात सुमारे ६६० कोटींचा ऐवज जप्त झाल्याचं निवडणूक आयोगानं सांगितलं होतं. त्यात रोकड, दारू, अमली पदार्थ, सोनं-चांदी आणि वाटायच्या वस्तू सगळं आलं. २०१९ च्या विधानसभेला हाच आकडा १०३ कोटींच्या आसपास होता. तेव्हा जाळं किती पसरलंय ते लक्षात घ्या. जाळं मोठ्या माशासाठी टाकलेलं असतं, पण त्यात आपल्यासारखी मासळीही सापडते.

आता मुख्य मुद्दा. दोन शब्द आहेत आणि आपण ते एकच समजतो. एक "जप्ती", दुसरा "सरकारजमा".

आपलं गुरू दुसऱ्याच्या शेतात शिरलं की कोंडवाड्यात जातं. कोंडवाड्यात गेलं म्हणून ते आपलं नाही असं होतं का? नाही. आपण जातो, आपलं आहे म्हणून सांगतो, दंड भरतो आणि दावं धरून घरी आणतो. पण कोणी गेलंच नाही, मुदत संपली, तर त्याचा लिलाव होतो. पैशांचंही तसंच आहे. जप्ती म्हणजे पैसे ताब्यात घेतले, मालकी गेलेली नाही. सरकारजमा म्हणजे मालकीच गेली. पहिलं काम नाक्यावरचा अधिकारी करू शकतो. दुसरं त्याच्या हातात नाही, त्याला न्यायालयाचा आदेश लागतो. आणि त्या दोन्हींच्या मधे जो वेळ असतो, तो आपला असतो. त्या वेळात आपण काय करतो यावर सगळं ठरतं.

मग आधी बघू, पैसे कधी घेऊ शकतात. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी "पन्नास हजार" हा आकडा आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेत ही पन्नास हजारांची रेघ मुख्यतः उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता ज्या गाडीत आहे, त्या गाडीसाठी आखलेली आहे. साध्या माणसानं पन्नास हजारांच्या वर रक्कम नेणं हा गुन्हा नाही. पण नाक्यावर कोण कार्यकर्ता आणि कोण गटाची अध्यक्ष, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून विचारणा सगळ्यांना होते. पैसे कुठून आणले, कुठे नेताय, कशासाठी. याचं उत्तर कागदावर असेल तर पाच मिनिटांत गाडी सुटते. नसेल तर संशय. रक्कम दहा लाखांच्या वर असेल तर आयकर खात्याला कळवतात.

या तपासणीचेही नियम आहेत, ते तुम्हाला माहीत असू द्या. तपासणीचं चित्रीकरण व्हायला हवं. वागणं सौजन्याचं हवं. बाईच्या हातातली पर्स महिला अधिकारी हजर असल्याशिवाय तपासायची नाही, असं आयोगाच्या सूचनेतच लिहिलंय. पैसे घेतले तर त्याचा कागद द्यायचा, आणि त्याविरुद्ध कुठे दाद मागायची हेही त्याच वेळी सांगायचं. तेव्हा शांतपणे म्हणा, "साहेब, महिला अधिकाऱ्यांना बोलवा, मी पिशवी दाखवते." यात उर्मटपणा काही नाही.

आता समजा, आपल्याच एखाद्या गटातल्या दोघी एक लाख वीस हजार घेऊन महाडहून निघाल्या. शिलाई मशीनसाठी काढलेले पैसे. पासबुक घरी राहिलं, ठराव वहीत, वही सचिवाच्या घरी. पथकानं रक्कम घेतली. आता पुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट अलिबागची. प्रत्येक जिल्ह्यात निवडणुकीच्या काळात तीन अधिकाऱ्यांची तक्रार निवारण समिती असते. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. जप्तीचं प्रत्येक प्रकरण या समितीनं स्वतःहून तपासायचं असतं. गुन्हा दाखल झालेला नसेल आणि पैशांचा कुठल्या उमेदवाराशी, पक्षाशी किंवा प्रचाराशी संबंध नसेल, तर कारणं लिहून पैसे परत द्यायचा आदेश लगेच काढायचा. आणि गुन्हा नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त काळ ही रक्कम कोषागारात पडून ठेवायची नाही. पण समिती तपासेल म्हणून आपण घरी बसायचं का? अजिबात नाही. आपण अर्ज करायचा, सोबत पासबुकाची प्रत, ठरावाची प्रत, सगळ्या सदस्यांच्या सह्या. अलिबागला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे मला कळतं. पण एक लाख वीस हजारांपुढे एक दिवस. आणि त्या दिवसाचा खर्च गटानं करायचा, त्या दोघींच्या खिशातून नाही.

दुसरी वाट कोर्टाची. गुन्हा दाखल झाला किंवा निवडणूक नसताना पोलिसांनी संशयावरून पैसे घेतले, तर ही वाट लागते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०६ प्रमाणे चोरीची वाटणारी किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू पोलीस ताब्यात घेऊ शकतात. पैसेही त्यात आले. पण घेतल्यावर त्याची खबर न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. मग आपण त्या न्यायालयात अर्ज करायचा, की ही रक्कम आमच्या गटाची आहे, आम्हाला परत द्या. हा अर्ज कलम ५०३ खाली होतो. खटला सुरू होऊन रक्कम कोर्टापुढे आली असेल तर कलम ४९७ खाली.

आता नीट ऐका, कारण गावोगावी बायका इथेच गप्प बसतात. पैशांचा मालक कोण हे कळत नसेल तर न्यायालय जाहीर सूचना काढतं. सहा महिन्यांच्या आत ज्याचा हक्क असेल त्यानं यावं. त्या सहा महिन्यांत कोणी आलं नाही, आणि ज्याच्याकडे पैसे सापडले त्यालाही ते सचोटीनं मिळवल्याचं दाखवता आलं नाही, तर कलम ५०४ प्रमाणे ते राज्य सरकारकडे जातात. कोंडवाड्यासारखंच झालं ना? बघा, इथे तुम्ही चोर ठरायची गरजच पडत नाही. तुम्ही फक्त गेला नाहीत, एवढं पुरतं.

आणखी एक नवं कलम आहे, १०७. पैसे गुन्ह्यातून मिळवलेले आहेत असं वाटलं तर पोलीस न्यायालयाकडे ते जप्त करण्याची मागणी करू शकतात. न्यायालय नोटीस काढतं आणि उत्तर द्यायला चौदा दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही, हजर राहिलं नाही, तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. म्हणून कोर्टाची नोटीस आली की ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका. त्याच दिवशी गटात दाखवा, आपल्या सीआरपी ताईंना फोन करा.

पण या कलमाची दुसरी बाजूही सांगते, कारण ती आपल्या फायद्याची आहे. गुन्ह्याचे पैसे ठरले तर न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना सांगू शकतं, की ज्यांचं त्या गुन्ह्यात नुकसान झालं त्यांना हे पैसे प्रमाणात वाटा, आणि साठ दिवसांत वाटा. वाटून उरलं किंवा कोणी हक्कदारच नसेल तरच सरकारजमा. आपल्या जिल्ह्यात २०१० साली पेण अर्बन बँक अडचणीत आली तेव्हा किती घरांच्या ठेवी अडकल्या, ते इथल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. दामदुप्पट म्हणून पैसे घेऊन पळणारे आजही वाड्यावाड्यांत येतात. अशा माणसाकडे रोकड सापडली तर ती पोलिसांनी धरायलाच हवी, नाहीतर तुमचं-माझं काय परत येणार? म्हणून मी जप्तीच्या विरोधात बोलायला उभी नाही. जप्तीचं हत्यार चोरावर चालावं आणि कष्टाच्या पैशाला लागू नये, एवढंच म्हणणं आहे.

"पोलीस ठाण्यात गेलेले पैसे जसेच्या तसे परत कधी मिळतात?" असंही कोणी विचारेल. सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २००२ ला सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात यावर स्पष्ट सांगितलंय. ते प्रकरणच मुळी पोलीस ठाण्यातला मुद्देमाल बदलल्याच्या आणि तिथली रक्कम लाटल्याच्या आरोपाचं होतं. न्यायालय म्हणालं, पैसे-दागिने वर्षानुवर्षं ठाण्यात ठेवून काय उपयोग? पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि मालकाला देऊन टाका. पंधरा दिवस ते एक महिना, त्याहून जास्त काळ वस्तू ठाण्यात राहू नये. नव्या संहितेतही न्यायालयापुढे आलेल्या मालाची चौदा दिवसांत यादी आणि फोटो, आणि त्यानंतर तीस दिवसांत काय करायचं त्याचा आदेश, असं लिहिलंय. तेव्हा अर्ज करताना कोणी म्हटलं की "खटला संपल्यावर बघू", तर हे सांगता येतं.

वकिलाचा खर्च? कायद्यानं प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलंय. महाडला कोर्टात गेलात की तालुका विधी सेवा समिती कुठे बसते ते विचारा. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते.

परदेशातलं एक उदाहरण देते, कारण त्यात आपल्याला शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात वेग जास्त म्हणून पोलिसांनी एक भाड्याची गाडी थांबवली. शीतपेटीत एक लाख चोवीस हजार सातशे डॉलर निघाले. अमली पदार्थ काही सापडले नाहीत, पण पोलिसांच्या कुत्र्यानं वास दाखवला. तो माणूस म्हणाला, ट्रक घ्यायला पैसे आणलेत. तिथे असा खटला माणसावर नाही तर थेट पैशांवर चालतो. खटल्याचं नावच "अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर". खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण २००६ साली वरच्या न्यायालयानं ते पैसे सरकारजमा होऊ शकतात असा निकाल दिला. त्याच्याविरुद्ध ज्या गोष्टी धरल्या गेल्या त्यात एक अशी, की सुरुवातीला "गाडीत पैसे आहेत का" विचारल्यावर तो "नाही" म्हणाला होता. पैसे स्वतः काही बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं आपण जे बोलतो तेच धरतात. घाबरून सुद्धा खोटं बोलू नका. "आहेत, एवढे आहेत, गटाचे आहेत, हा कागद" एवढं सरळ सांगा.

आता काय करायचं ते लिहून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा.

निघण्याआधी: गटाचे पैसे नेताना ठरावाची प्रत सोबत ठेवा. त्यावर तारीख, रक्कम, कशासाठी, कोण नेणार ही चार वाक्यं हवीत, खाली सह्या आणि गटाचा शिक्का. पैसे काढल्याबरोबर बँकेतच पासबुकात नोंद करून घ्या आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढा. स्टॉलचे पैसे असतील तर रोजची विक्री-वही. घरचे पैसे असतील तर ज्या खात्यातून काढले त्याची नोंद, लग्नाची पत्रिका, सामानाचं कोटेशन, जे असेल ते. आधार कार्ड. दोघीजणी मिळून जा. आणि जिथे थेट खात्यातून दुकानदाराला पैसे देता येतात, तिथे रोख काढूच नका. आपल्या बँक सखी ताई ते शिकवतील. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. २०२१ च्या जुलैमध्ये महाडच्या पुरात किती जणींची पासबुकं चिखलात गेली ते आपण बघितलंय.

नाक्यावर: पळू नका, लपवू नका, भांडू नका. नोटा समोर मोजायला सांगा. पंचनाम्यात "ही रक्कम अमुक गटाची आहे, या नावाच्या महिलेनं तसं सांगितलं" हे वाक्य लिहून घ्या. वाचल्याशिवाय, वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. जप्तीच्या कागदाची प्रत हातात आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. अधिकाऱ्याचं नाव, पद आणि पथक टिपून ठेवा.

आणि साध्या वेषात रस्त्यात कोणी गाठून म्हणालं, "मी पोलीस आहे, पुढे तपासणी चाललीय, पैसे-दागिने रुमालात बांधून द्या", तर तो भामटा समजा. खरं पथक रुमाल मागत नाही. ते कॅमेऱ्यासमोर मोजतं आणि कागद देतं. ११२ ला फोन लावा.

नंतर: त्याच दिवशी गटाची तातडीची बैठक. दुसऱ्या दिवशी अर्ज. अर्जाची पोच घ्या, तिची झेरॉक्स ग्रामसंघाकडे द्या. वाट कुठली, अलिबागची की कोर्टाची, हे कळत नसेल तर आम्हाला विचारा. पण बसून राहू नका.

शेवटचं सांगते, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. निवडणुकीत कोणीतरी येतं. ओळखीचंच असतं, भाऊ म्हणतं, वहिनी म्हणतं. "वहिनी, बायकांना कोण तपासत नाही, एवढी पिशवी पुढच्या वाडीवर द्या." ती पिशवी हातात घेऊ नका. सापडलात तर देणारा ओळख दाखवणार नाही, आणि ते पैसे कुठून आले याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. तेव्हा तुमच्याकडे ठराव नसेल, पासबुक नसेल, खरं सांगायला काहीच नसेल. गटाची म्हणून वर्षानुवर्षं जमवलेली पत त्या एका पिशवीत जाईल.

आणि ज्या दोघींच्या हातून गटाचे पैसे जप्त झाले, त्यांना दोष देऊ नका. "तुम्हीच गमावलेत, तुम्हीच भरा" असं म्हटलं की ती बाई पुन्हा बँकेत जायला उभी राहत नाही आणि गटही मोडतो. पैसे सगळ्यांचे, तर ते सोडवायची धावपळही सगळ्यांची.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय घाला: "रोख रक्कम नेण्याची पद्धत". प्रत्येक गटानं ठरावाचा नमुना एकदाच वहीत उतरवून ठेवा, म्हणजे दर वेळी फक्त तारीख आणि रक्कम भरायची. नमुना मी आणलाय, जाताना प्रत्येक गटाच्या सचिवानं एक प्रत घेऊन जावी. ज्यांना काही विचारायचंय त्या थांबा, चहा होईपर्यंत बोलू.